आबांची पेटी: कामाच्या नोंदी

काम: आबांच्या (आजोबांच्या) आयुष्याचा घरगुती संग्रह उभा करणं. आबा मूळचे मुरबाड तालुक्यातले. आधी डोंबिवलीच्या चाळीत, १९७८ पासून ठाण्याला कोपरीत. वागळे इस्टेटमध्ये लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) टर्नर म्हणून निवृत्त. साहित्य: एक पत्र्याची पेटी, एक चिकट अल्बम, सात कॅसेट आणि त्यांना ओळखणारी माणसं. मुदत मिरगापर्यंतची, कारण दमट हवेत जुने फोटो हाताळायचे नसतात.

५ जानेवारी २०२५, रविवार

पेटी उघडली, पण लगेच काही उचललं नाही. आधी वरून फोटो, मग एकेक थर काढत प्रत्येक थराचा फोटो. कशाशेजारी काय ठेवलं होतं हीच पहिली माहिती असते. एकाच रबरबँडमध्ये बांधलेली तीन पत्रं आणि एक पावती यांचा काहीतरी संबंध असतो. विषयवार गठ्ठे लावायला घेतले की तो कायमचा तुटतो. रबरबँड मात्र आजच काढले, ते वितळून कागदाला चिकटतात. त्या जागी सुती नाडी, सैल. गंजलेले स्टेपल ओढायचे नाहीत; मागचे पाय उघडून सरळ करायचे आणि पुढून अलगद काढायचे.

मोजणी: सुटे फोटो १५३, अल्बममधले ६१, मोठ्या फिल्मच्या निगेटिव्ह ३८, पत्रं ९३, खिशातल्या डायऱ्या १९, रेल्वेच्या पासांची चवड, पीएफच्या स्लिपा. लाकडी डब्यात मायक्रोमीटर, दोन कॅलिपर, ऑइलस्टोन.

एक नियम ठरला: नोंदीत विशेषण चालणार नाही. ‘आबा फार शिस्तीचे होते’ याला नोंद म्हणायचं नाही. पगाराच्या दिवशी पतपेढीचा हप्ता आधी वेगळ्या पाकिटात जायचा, उरलेलं पाकीट माईंच्या हातात आणि सुटी नाणी देव्हाऱ्याखालच्या डबीत, ही नोंद. श्रद्धांजलीच्या चार ओळींत विशेषणं शोभतात. संग्रहात ती आली की पुढच्या पिढीला आबा कुणाच्याही आजोबांसारखे दिसतील.

१२ जानेवारी

क्रमांक टाकले. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने (२बी किंवा त्याहून मऊ), काचेवर ठेवून, दाब न देता. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उठते. साधारण सत्तरच्या दशकानंतरच्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटतच नाही, तिथे क्रमांक पाकिटावर.

फाइलच्या नावात रोमन अक्षरं, चार आकडी क्रमांक, मोकळी जागा नाही. पुढची बाजू ‘ए’, मागची ‘बी’. मागची बाजू कोरी असली तरी स्कॅन करायची. स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचा पुसट छाप, कुणीतरी काढलेला हिशेब, सगळं तिथेच असतं.

१९ जानेवारी

स्कॅनिंग सुरू. घरातलं प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेलं यंत्र बाजूला ठेवलं. त्यात सीआयएस पट्टी (कागदाच्या अगदी जवळून वाचणारा सेन्सर) असते. काचेला पूर्ण टेकलेला कागद ती नीट वाचते, पण कडा वळलेला फोटो दोन-तीन मिलिमीटर वर राहिला की तेवढा भाग धूसर येतो. सीसीडीचा (भिंगातून वाचणाऱ्या सेन्सरचा) जुना फ्लॅटबेड स्कॅनर मागून आणला, वळलेल्या फोटोंसाठी तोच हवा.

फोटो ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, टिफ फाइल. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करायचा, म्हणजे पिवळेपणा, डाग, शाईचा रंग कळतो. ९ बाय १३ सेंटिमीटरच्या प्रिंटची फाइल साधारण २० एमबीची होते. छपाईला ३०० डीपीआय पुरतं, म्हणजे हाच फोटो दुप्पट आकारात छापता येईल. सॉफ्टवेअरमधलं रंगसुधार, धारदारपणा, धूळ काढणं, सगळं बंद. सुधारणा करायची ती प्रतीवर. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही.

काचेवर थेट फवारा मारू नये, द्रव कडेने आत जाऊन काचेच्या खालून धुकं धरतं. कापड ओलं करून पुसायचं. फोटोंच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी चकाकी दिसते ती चांदी वर आल्यामुळे. ती पुसून जात नाही, पुसूही नये. बुरशीचे ठिपके असलेले नऊ फोटो वेगळ्या पाकिटात. त्यांना पाणी लावलं तर जिलेटिनचा थरच निघून येईल.

२ फेब्रुवारी

चिकट अल्बम. पानावर गोंदाच्या रेघा आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा, ऐंशीच्या दशकात लग्नाच्या आहेरात हमखास यायचे ते. गोंद पिवळा पडून फोटोच्या पाठीत मुरतो आणि वरचा पापुद्रा चित्राला चिकटतो. क्रम असा: आधी पूर्ण पानाचा फोटो, मग पापुद्रा अगदी सपाट, मागे दुमडत काढायचा. फोटोखालून दाताचा बिनचवीचा फ्लॉस करवतीसारखा सरकवायचा. फोटो वाकवायचा नाही, हवं तर पान वाकवायचं. ६१ पैकी ४९ सुटले. बारा सुटेनात, ते पानासकट स्कॅन. हेअर ड्रायर लावायचा सल्ला सगळेच देतात. गोंद मऊ होतो खरा, पण फोटोचा थरही मऊ होतो, आणि आधी कोण सुटेल याची खात्री नसते.

भिंतीवरच्या फ्रेममधला आबा-माईंचा फोटो काचेला चिकटलाय. तो काढायचा नाही. काचेसकट, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे लावून, कॅमेऱ्याने घेतला.

९ फेब्रुवारी

निगेटिव्ह. १२० फिल्म, ६ बाय ६ सेंटिमीटरच्या चौकटी, पेटीच्या तळाशी आग्फा क्लिक कॅमेऱ्याचं कातडी कव्हर सापडलं, त्याच्याशी जुळतं. २४०० डीपीआय, १६ बिट ग्रे; एक चौकट साधारण ५६ एमबी. स्कॅनरमधली इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय इथे निरुपयोगी आहे. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडही अडवते, त्यामुळे चित्रालाच धूळ समजून खाल्लं जातं. हाताच्या फुंकणीने धूळ उडवायची. तोंडाने फुंकलं की थुंकीचे कण बसतात.

निगेटिव्ह उलटी लागली का, हे शर्टावरून ओळखता येतं: खिसा माणसाच्या डाव्या छातीवर हवा. पाटीवरची अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच नाही. चार चौकटी अशा निघाल्या की त्यांचे घरातले प्रिंटच उलटे काढलेले होते. थोरल्या काकांचा भांग त्यामुळे वर्षानुवर्षं उजवीकडे होता.

२३ फेब्रुवारी

पत्रांच्या तारखा. निम्म्या पत्रांवर साल नाही, ‘गुरुवार, रात्रौ’ एवढंच. पोस्टाचा शिक्का वाचता आला तर उत्तम, नाहीतर पुढच्या खुणा:

तिकिटावर ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ च्या सुमारास. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये गेला. तिकीट घरात पडून नंतरही वापरलं जायचं, म्हणून अलीकडची बाजू सैल धरायची. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतर. निर्वासितांसाठीचं पाच पैशांचं जादा तिकीट असेल तर जवळजवळ नेमकं सापडतं, नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३. आपल्या गठ्ठ्यात अशी सहा पत्रं आहेत. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचं, पण खेड्यातली माणसं जुना पत्ता पुढे काही वर्षं लिहीत राहायची, म्हणून हा पुरावा कच्चा. उलट पिनकोड नाही म्हणून पत्र १९७२ च्या आधीचं, असं कधीच म्हणायचं नाही. पिनकोड लिहायचा कंटाळा आजही आहे.

तिथी असेल तर शकात ७८ मिळवायचे, पौषातला जानेवारीपासूनचा भाग, माघ आणि फाल्गुन असेल तर ७९. ‘माघ शु. ५ शके १८९०’ म्हणजे १९६९, १९६८ नव्हे. इथे हमखास एक वर्ष चुकतं.

अनुमानाची तारीख कंसात आणि पुढे कारण: ‘(१९७२, जादा तिकीट)’. कारण न लिहिलेली तारीख वर्षभरात खरी वाटायला लागते.

२ मार्च

जन्मतारीख. कागद तीन, तारखा तीन. पत्रिकेत श्रावण वद्य पंचमी शके १८५२, म्हणजे ऑगस्ट १९३०. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९३१. पीएफला दाखल्यावरून तीच. तालुक्याच्या अभिलेख कक्षातल्या गाव नमुना १४ च्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या, नकलेत (लोक कोतवाल बुक म्हणतात) तिसरीच.

१ जून दिसली की सावध व्हायचं. शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी वयाचा अंदाज घेऊन ही तारीख टाकायचे. त्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. कोतवाल बुकात मुलाचं नाव बहुधा नसतंच: बापाचं नाव, ‘मुलगा’, आणि तारीख. ती तारीख जन्माची की नोंदीची, हे स्तंभाचं शीर्षक वाचून ठरवावं लागतं. शोधताना पणजोबांच्या नावाने शोधायचं, आणि मागचं-पुढचं एकेक वर्ष धरायचं. नक्कल मिळाली तरी मूळ पानाचा फोटो परवानगी असेल तर घ्यावा, नकलेत आकडे चुकतात.

संग्रहात तिन्ही तारखा, प्रत्येकीचा कागद सोबत. शेवटी छापायच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर पत्रिकेची.

१६ मार्च

लग्नाचा समूहफोटो, ३४ माणसं. मोबाइलवर फोटो दाखवून ‘हे कोण?’ विचारलं की म्हातारी माणसं दोन बोटांनी मोठा करता करता भलतीकडेच जातात. एथ्री आकारात प्रिंट काढला, त्यावर बटरपेपर ठेवून डोक्यांच्या फक्त बाह्यरेषा आणि आत क्रमांक. ओळख सांगणाऱ्या प्रत्येकाला बटरपेपरच्या रेखाटनाची कोरी झेरॉक्स द्यायची. आधीच्याने भरलेली दाखवायची नाही, नाहीतर सगळे त्याचीच री ओढतात. तिघांचं जुळलं तर पक्कं. आता २६ पक्की, पाच वादात, तीन अनोळखी. क्रमांक ११, मागच्या रांगेत टोपी हातात धरलेला, त्याला प्रत्येक जण ‘मुलीकडचा’ म्हणतो.

२३ मार्च

मुलाखती. आधी प्रत्येकाची वेगळी, मग दोघांची एकत्र. आधीच एकत्र बसवलं तर मोठ्या आत्या बोलतात आणि काका मान डोलावतात.

मोबाइल विमान मोडवर, चौघडी घातलेल्या नॅपकिनवर, तोंडापासून वीतभर. टेबलावर थेट ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात घुमतो. पंखा बंद. मार्चअखेर ठाण्यात हे जड जातं, म्हणून सकाळी आठ-नऊची वेळ, आणि तीच कुकरची वेळ, तेव्हा आधी बोलून ठेवायचं. रेकॉर्डिंग वेव फाइलमध्ये. सुरुवातीला स्पष्ट बोलायचं: तारीख, जागा, कोण, आबांचे कोण. एक बैठक पाऊण तासापेक्षा लांबवू नये. घरातल्या कुणाचं काय बाहेर जाऊ द्यायचं नाही ते शेवटी विचारायचं, तेवढ्या भागाला वेगळी खूण.

‘कधी?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. ‘कशाच्या आधी?’ विचारलं की येतं. खुंटे म्हणून ही यादी जवळ ठेवली: कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे), युद्धातला ब्लॅकआउट (डिसेंबर १९७१), रेल्वेचा संप (८ ते २७ मे १९७४), खग्रास ग्रहण (१६ फेब्रुवारी १९८०), गणपती दूध प्याले तो दिवस (२१ सप्टेंबर १९९५), २६ जुलै २००५. सगळ्यात उपयोगी गणपतीचा दिवस. कोण कुठल्या देवळाच्या रांगेत होतं ते प्रत्येकाला आठवतं.

६ एप्रिल

आतापर्यंतचं सगळ्यात कामाचं सत्र. आबांसोबत काम केलेले कळव्याचे एक काका, वय ८१. त्यांना प्रश्न विचारलेच नाहीत. टेबलावर जुनी चादर, त्यावर हत्यारं आणि १९६९ ची डायरी उघडून ठेवली. एक कॅमेरा समोरून, दुसरा वरून, फक्त हातांवर.

डायरीच्या शेवटच्या पानावर हे आकडे आहेत: १/२ पुढे २०/६०, ५/८ पुढे २०/५५, ३/४ पुढे २०/५०, १ पुढे २०/४०. घरात हा उधारीचा हिशेब समजला जायचा. काकांनी चष्मा न लावता सांगितलं: चूडी (बोल्टवरचे आटे) काढायचे गिअर. लेथच्या लीडस्क्रूला (हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूला) इंचात चार आटे, अर्ध्या इंची व्हिटवर्थ (जुन्या इंची मापाच्या) बोल्टला बारा. चाराला बारा, म्हणजे वीस दातांचं चालवणारं आणि साठ दातांचं चालणारं. पाच अष्टमांश इंचाला अकरा आटे, पाऊण इंचाला दहा, एक इंचाला आठ. सगळे आकडे बरोबर बसतात. म्हणजे पान पाठांतराचं आहे. पाचवी शिकलेला माणूस गुणोत्तरं मांडत होता. (हे शेवटचं वाक्य नियमाच्या कडेला आहे. डायरी आणि शाळेचा दाखला दोन्ही शेजारी ठेवलेत, म्हणून राहू दिलं.)

मायक्रोमीटर ० ते १ इंच, एका फेऱ्यात २५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). काकांनी तो उचलला तो थेट चिमटीत, फ्रेम तळहातात, करंगळीने अडकवून, आणि मग न विचारता बोलायला लागले: आबा जॉब (कातलेला भाग) गरम असताना माप घ्यायचे नाहीत, कारण गार झाल्यावर तो आटतो, बाकीचे घाईत घ्यायचे आणि मग माल रिजेक्ट. कीस निळा पडायला लागला की वेग कमी, नाहीतर एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) टूलची धार बसते. आबा ग्राइंडरवर टूल लावताना डाव्या हाताची करंगळी वर ठेवायचे, तिच्यावर जुना भाजलेला व्रण होता. हा व्रण घरातल्या एकाही मुलाखतीत आला नव्हता. आता फोटो क्रमांक ८७ मध्ये दिसतो, मोठा करून पाहिला.

पुढच्या प्रत्येक मुलाखतीला वस्तू हवी. माईंच्या बहिणीसाठी पासांची चवड आणि पितळी डबा.

२० एप्रिल

कॅसेट. सातपैकी चार धाकट्या काकांना मस्कतला पाठवलेल्या ‘बोलक्या पत्रां’च्या, दोन भजनाच्या, एक कोरं लेबल.

लावण्याआधी: कवचाच्या फीत दिसणाऱ्या उघड्या कडेतून दाबाची गादी पाहायची, तांब्याच्या पट्टीवरचा फेल्टचा चौकोन. त्याचा गोंद वाळून तो गळतो आणि मग आवाज मंद, खालचा येतो. दोन कॅसेटची गादी गेलेली. कवच स्क्रूचं असेल तर उघडून दुसऱ्या निकामी कॅसेटमधली गादी बसवता येते. चिकटवलेलं असेल तर कडेने फोडून फीत नव्या स्क्रूच्या कवचात घालावी लागते. तुटलेली फीत जोडायला स्प्लायसिंग टेपच. सेलोटेपचा गोंद झिरपून पुढच्या वेढ्याला धरतो. प्रत्येक कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवायची, वेढे मोकळे होतात.

डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने, प्रत्येक बाजूनंतर. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात हेडफोनची वायर घालू नये: तिथे बहुधा एकच चॅनेल असतो, आवाज फाटतो आणि लॅपटॉप स्वतःहून ‘खरखर’ गाळतो. लाइन-इन असलेला यूएसबी इंटरफेस वापरला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सी-६० ची अर्ध्या तासाची एक बाजू स्टिरिओत सुमारे ५२० एमबी. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली. आवाज बोदा वाटला तर हेडचा कोन बदलणारा बारीक स्क्रू पाव फेऱ्याच्या आत फिरवत ‘स’, ‘श’ स्वच्छ ऐकू येईपर्यंत. मूळ ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं त्याचं हेड वाकडं असेल तर सरळ डेकवर ते बोदंच येणार.

खरखर काढलेली प्रत वेगळी. मूळ फाइलमध्ये आबांच्या बोलण्यामागे लोकल ऐकू येते, ती राहू दे.

४ मे

परस्परविरोधी आठवणी. १९७४ च्या संपात गाड्या बंद असताना आबा डोंबिवलीहून ठाण्याला कसे जायचे? आत्या: सायकलने. घरातले काका: जायचेच नाहीत, कंपनीतच झोपायचे. डायरीत मे १९७४ च्या पानांवर रोज ‘हजर’ आणि रात्रीच्या खानावळीचा खर्च. सायकलच्या पंक्चरचा, तेलाचा एकही पैसा नाही. काकांची बाजू जड. तरी आत्यांची आठवण खोडली नाही, त्यांच्या नावाने आणि ‘बहुधा दुसऱ्या वेळची’ अशा शेऱ्यासह ठेवली. सायकलचा खर्च १९७६ च्या डायरीत सापडतो.

११ मे

उतरवून घेणं. एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास धरा. बोलीभाषा बदलायची नाही; ‘गेल्ता’ म्हटलं तर ‘गेल्ता’. आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअर ते ‘गेला होता’ करतात आणि गावांची नावं तर पारच बदलतात, त्यामुळे प्रत्येक ओळ ऐकून ताडायची. दर मिनिटाला वेळेची खूण.

पुस्तिका ए-फाइव्ह, ६४ पानं, मजकुराला ८० जीएसएम (कागदाच्या जाडीचं, वजनाचं माप) नॅचरल शेड, फोटोंच्या १६ पानांना १३० जीएसएम आर्ट पेपर. पानं चारच्या पटीतच. प्रेसवाले युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या फाँटमध्ये फिरवतात, तिथे ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’ यांतला अर्धा र हटकून मोडतो. म्हणून प्रूफ फाँट फिरवल्यानंतरचंच वाचायचं; आधी कितीही वाचलं तरी उपयोग नाही.

१८ मे

प्रती आणि साठवण. तीन प्रती: दोन वेगळ्या हार्ड डिस्क, एक क्लाउड. एक डिस्क ऐरोलीला आत्यांकडे. पेनड्राइव्ह फक्त वाटायला, साठवायला नाही. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) काढून यादी डिस्कसोबत. कॉपी झाल्यावर ताडून पाहायचा. नातेवाइकांना फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर फाइल आक्रसते आणि आतली माहिती पुसली जाते.

मूळ फोटो पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत. पीव्हीसी नको, नव्या रेनकोटसारखा वास आला की ते पाकीट परत. लॅमिनेशन कशालाच नाही, दाखल्यालासुद्धा. जागा: आतल्या भिंतीच्या लोखंडी कपाटाचा मधला खण. माळा नको, स्लॅबखाली उन्हाळ्यात भट्टी असते. बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येते. डांबराच्या गोळ्या काढल्या, त्यांनी कॅसेटच्या पारदर्शक डब्या मऊ पडतात. सिलिका जेल, सोबत आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांच्या वर टिकू लागला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा.

२६ मे, सोमवार

मिरगाची वाट न पाहता पाऊस आजच मुंबईत दाखल, हवामान खात्याने जाहीर केलं. सकाळी पेट्या बंद केल्या, कपाटाच्या दाराला रबरी पट्टी लावली.

राहिलेलं: कॅसेट ३ ची दुसरी बाजू (फीत सुरकुतलेली, डेकवर लावायची नाही). समूहफोटोतला क्रमांक ११. मुलीकडच्यांपैकी शहापूरच्या मावशींना कोरी झेरॉक्स पोस्टाने पाठवली आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पणजोबांच्या हातची नोंद आहे का, ते पितृपक्षाची गर्दी ओसरल्यावर. डिस्कची पुढची तपासणी दिवाळीनंतर, चेकसमच्या यादीवरून.